झुडपाखालची भाकर

मराठीत 'धीर' हा शब्द अनेक क्रियापदांबरोबर वावरतो. धीर धरायचा असतो, द्यायचा असतो, एकवटायचा असतो. आणि तो सुटतो, खचतो. यांपैकी 'धीर देणे' या प्रयोगाकडे आमचे लक्ष अलीकडे वारंवार जाऊ लागले आहे. 'देणे' म्हटले की देणाऱ्याच्या हातात काहीतरी असले पाहिजे. व्यवहारात मात्र धीर देणे म्हणजे चार शब्द बोलणे, असेच आपण धरून चालतो. ख्रिस्ती मंडळींत हे चार शब्द बहुधा शास्त्रवचनाच्या रूपाने येतात. सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापलेले एखादे वचन येते. वचन खोटे नसते, पाठवणाऱ्याचा भावही खोटा नसतो. तरीही ज्याच्यासाठी ते पाठवले त्याला ते कधी कधी अधिकच एकटे पाडते. असे का व्हावे, आणि ज्या ग्रंथातून ही वचने उचलली जातात तो ग्रंथ स्वतः खचलेल्या माणसाशी कसा वागतो, हे पाहण्याची वेळ गेल्या दोन वर्षांत आमच्यावर आली. त्या वाचनाविषयी हे थोडेसे.

लिहिणारे आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. आमच्यापैकी एकाचे बालपण अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती वस्तीत, पाळकांची प्रवचने आणि नारायण वामन टिळकांची भजने ऐकत गेले. दुसऱ्याचे वारकरी घरात, हरिपाठाच्या संगतीत. ज्याच्या निमित्ताने हे लिहितो आहोत तो आमचा सहकारी वयाने आमच्याहून लहान, ख्रिस्ती, नेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला, आणि तरीही गेली कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारा. त्याच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा पुसून लिहीत आहोत.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे महाविद्यालयीन वाचकाला सांगायला नको. तरीही ज्यांना त्याचा चटका बसलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, या शिक्षकाला तासाच्या हिशेबाने मानधन मिळते. सुटीचे मानधन नाही, आजारपणाचे नाही. नेमणुकीचा आदेश सत्र सुरू झाल्यावर येतो आणि सत्राबरोबर संपतो. आमचा हा सहकारी दोन गावांतील दोन महाविद्यालयांत शिकवत असे. मधले अंतर एस.टी.ने कापायचे, जेवण बसस्थानकावर. एका ठिकाणचे मानधन कित्येक महिने थकलेले. घरी वृद्ध आई, पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. विद्यार्थी त्याला 'सर' म्हणत आणि तोही त्या शब्दाला जागत असे. पण दुकानातली उधारी त्या शब्दावर फिटत नाही.

पुढे त्याची झोप गेली. वाचन सुटले. वर्गात शिकवताना मध्येच वाक्य अर्धे राहू लागले. आणि एका संध्याकाळी तो म्हणाला, "सर, सकाळ होऊच नये असं वाटतं." त्याच्या बोलण्यात याहून खोल रुतलेली एक गोष्ट होती. श्रद्धावंताला असे वाटावे, हेच पाप आहे, अशी त्याची समजूत झाली होती. मंडळीत कोणी त्याला म्हणाले होते की प्रार्थना कमी पडते आहे. शिक्षकखोलीत कोणी म्हणाले होते की सकारात्मक विचार करायला हवा. एक सल्ला धार्मिक आणि दुसरा ऐहिक. पण दोघांचे व्याकरण एकच. दोन्ही सल्ले आज्ञार्थी आहेत, आणि दोन्ही ज्याच्या अंगात त्राण उरलेले नाही त्याच्याकडूनच आणखी काम मागतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. ग्रंथवाचनाने हा आजार बरा होतो, असा आमचा दावा नाही. पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञाची होती. आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर गेला, बाहेर बाकावर बसून राहिला. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागले. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. मनात जीव नकोसा होण्याचा विचार येत असेल तर तेथे बोलावे, जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. ख्रिस्ती परंपरेत लूक हा शुभवर्तमानकार स्वतः वैद्य मानला जातो. तेव्हा वैद्याकडे जाण्याने श्रद्धेला उणेपणा येतो, असे कोणी म्हणू नये.

वाचन सुरू झाले ते या उपचारांच्या जोडीने. आठवड्यातून एकदा आम्ही तिघे बसत असू. साहित्याच्या वर्गात आपण एखादा पाठ जसा वाचतो, म्हणजे सुटी ओळ न उचलता, घटनांचा क्रम न मोडता, कोण कोणाला कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे पाहत, तसेच पवित्र शास्त्र वाचायचे, एवढाच नियम ठरला. पहिला पाठ निवडला तो 'पहिले राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय.

या अध्यायातला एलीया हा पराभूत माणूस नाही. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर बालाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर त्याने मोठा विजय मिळवला आहे. पण राणी ईजबेलची धमकी येते आणि तो पळ काढतो. बैर-शेबा येथे चाकराला मागे ठेवतो, एकटाच अरण्यात दिवसभराची मजल चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण पूर्वजांपेक्षा काही बरे निघालो नाही, असे त्याचे म्हणणे. हे सर्व फार ओळखीचे आहे. काम झाले तरी काही बदलले नाही, सोबतीचा माणूस आपणच दूर केला, आणि मग आपल्या आयुष्याचा हिशेब आपणच मांडून तो तोट्यात काढला.

आता कथनकाराने पुढे काय ठेवले आहे ते पाहावे. मरणाच्या मागणीला उत्तर येत नाही. रागावणे नाही, समजावणे नाही. एलीया झोपतो, आणि त्याला झोपू दिले जाते. मग देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदाही तेच घडते. देवदूत या खेपेस एकच कारण जोडतो: पुढचा रस्ता तुझ्या ताकदीबाहेरचा आहे. या अध्यायातील धीराचा पहिला शब्द हा आहे, आणि तो एलीयाच्या दुबळेपणाविषयी काही म्हणत नाही. तो रस्त्याच्या लांबीविषयी बोलतो. आमचा सहकारी येथे थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणजे रस्ताच मोठा होता." दोन गावांमधल्या एस.टी.च्या फेऱ्या त्याच्या डोळ्यांपुढे असाव्यात.

मराठी भाषांतरात येथे 'भाकर' हा शब्द आहे, हेही आम्हांला महत्त्वाचे वाटते. प्रभूच्या प्रार्थनेतही रोज मागितली जाते ती भाकरच. उपाशी माणसापुढे भाकर ठेवणे याला मराठीत स्पष्टीकरण लागत नाही. देवदूताने चाळीस दिवसांच्या वाटेसाठी शिदोरी दिली आणि तत्त्वज्ञान नंतरसाठी ठेवले, एवढे कळायला धर्मशास्त्राची पदवी नको.

होरेब डोंगरावरच्या गुहेत एलीयाला विचारले जाते की तू येथे काय करतो आहेस. तो आपली कैफियत सांगतो: मी एकटाच उरलो. मग वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी मंद, शांत वाणी. एवढे घडल्यावर तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि एलीया शब्द न बदलता तीच कैफियत पुन्हा सांगतो. या पुनरुक्तीकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे. दिव्य दर्शनानेही खचलेल्या माणसाचे वाक्य लगेच बदलत नाही, हे कथनकाराला ठाऊक आहे. त्याचे वाक्य दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत ऐकून घेतले जाते. त्यानंतर त्याला काम सांगितले जाते, अलीशा नावाचा वारस दिला जातो, आणि सर्वांत शेवटी त्याची चूक दुरुस्त केली जाते: बालापुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण आहेत, तू एकटा नाहीस. झोप, अन्न, स्पर्श, श्रवण, काम, सोबती, आणि मग दुरुस्ती, असा हा क्रम आहे. आपण धीर देतो तेव्हा बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो.

दुसऱ्या बैठकीपासून आम्ही या क्रमाच्या उजेडात इतर पाठ वाचले. ईयोबाचे तीन मित्र येतात तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, कोणी काही बोलत नाही. त्यांचे बिघडते ते तोंड उघडल्यावर; आणि पुस्तकाच्या अखेरीस देव त्या विद्वान मित्रांना दोषी ठरवतो, तक्रार करणाऱ्या ईयोबाला नव्हे. स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र अंधारावर संपते. तेथे आशेचा शेवट जोडावा असे संकलकांना वाटले नाही, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात राहिले. ज्या परंपरेने विलापाला गाण्याचा दर्जा दिला, तिच्या नावाने विलापाला अविश्वास म्हणणे बरोबर नाही.

मग आम्ही फिलिप्पैकरांस पत्राकडे वळलो. प्रभूच्या बळाने मला सर्व काही शक्य आहे, अशा आशयाचे या पत्रातील वाक्य बहुतेक ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर सापडते. आमच्या सहकाऱ्याच्या घरीही ते होते आणि ते पाहून त्याला स्वतःची लाज वाटत असे, कारण त्याला काहीच शक्य होत नव्हते. पण चौथ्या अध्यायात त्या वाक्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे? पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे, आणि हा भाग म्हणजे तिची पोच आहे. ते प्रसिद्ध वाक्य संपताच पौल म्हणतो की, तरीही तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगले केले. म्हणजे भिंतीवरचे ते वाक्य आभारपत्रातील आहे, आणि लिहिणाऱ्याच्या हाती नुकतीच कोणाची तरी मदत पोचलेली आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तर पौल आपण जगण्याचीही आशा सोडली होती हे उघड लिहितो. आणि पुढे, खचलेल्यांचे सांत्वन करणाऱ्या देवाने आपले सांत्वन कसे केले, तर तीत आला, असे सांगतो. सांत्वन माणसाच्या पायांनी चालत आले. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साहाय्यासाठी बाजूला बोलावलेला असा आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी त्याला 'कैवारी' हा नेमका शब्द योजला. कैवार घेणारा आधी बाजूला येऊन उभा राहतो.

कामाच्या कष्टाविषयी लिहिताना आणखी एका पत्राचा उल्लेख टाळता येत नाही. याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायात शेतकऱ्यांच्या, म्हणजे कापणी करणाऱ्या मजुरांच्या, अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी लिहिले आहे: ती मजुरीच ओरडते आणि ते ओरडणे प्रभूच्या कानी जाते. अनुवादाच्या पुस्तकात, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. थकलेल्या मानधनाची वाट पाहणाऱ्या माणसाला फक्त सहनशीलतेची वचने ऐकवणे म्हणजे ग्रंथाचा अर्धा भाग झाकून ठेवणे होय. ज्याच्या दुःखाला कारण आहे त्याचे कारण नाहीसे करण्यासाठी धडपडणे, हेही ख्रिस्ती सांत्वनच आहे.

इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना येथे विल्यम कूपर (१७३१-१८००) आठवेल. १७६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समधील एका कारकुनी पदासाठी सभागृहापुढे परीक्षा द्यावी लागणार, या भीतीने तो इतका खचला की त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नॅथनिएल कॉटन यांच्या उपचारगृहात तो सावरला. श्रद्धेचा आधारही तेथेच लाभला. पण १७७३ मध्ये आजार पुन्हा उलटला. देवाने आपल्याला टाकले आहे ही समजूत मनात बसली आणि ती मरेपर्यंत पुरती गेली नाही. त्यानंतर तो उपासनेला जाईनासा झाला. त्याचा मित्र, ओल्नी गावचा पाळक जॉन न्यूटन, याने त्या दिवसांत कूपरला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे कूपरने ससे पाळले, बागकाम केले, सुतारकाम केले. मेरी अन्विन या स्नेही स्त्रीने वर्षानुवर्षे त्याची काळजी घेतली. लेडी ऑस्टेन हिने विषय सुचवावा म्हणून त्याने म्हटले, तेव्हा तिने खोलीतला सोफा सुचवला. त्यातून १७८५ चे 'द टास्क' हे दीर्घकाव्य निघाले. या शीर्षकाचा अर्थच नेमून दिलेले काम असा आहे. श्रद्धेने कूपरचा आजार गेला नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. मात्र त्याने आणि न्यूटनने मिळून रचलेली स्तोत्रे १७७९ मध्ये 'ओल्नी हिम्स' या नावाने प्रसिद्ध झाली आणि त्यांनी असंख्य खचलेल्या लोकांना आधार दिला. स्वतःला टाकलेला समजणाऱ्या माणसाचा दुसऱ्यांना आधार व्हावा, ही गोष्ट आमच्या सहकाऱ्याने वहीत टिपून घेतली.

हा क्रम शोधायला फार दूरही जावे लागत नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आई-वडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली-बायकांना आणायला स्वतः गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आधी अन्न आणि निवारा मिळाला, मग शिक्षण आणि काम. तेथे छापखाना चालला आणि त्याच स्त्रियांच्या हातांनी तेथील पुस्तके छापली गेली. रमाबाईंनी अखेरची वर्षे सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली. उपाशी राहिलेल्या बाईला भाकरीचा क्रम वेगळा शिकवावा लागला नसेल.

आमच्या सहकाऱ्याविषयी सांगायचे तर चमत्कार झाला नाही. तो अजून तासिका तत्त्वावरच आहे. औषधे कमी झाली, बंद झालेली नाहीत. मंडळीतील दोन बहिणींनी काही महिने न बोलता संध्याकाळचा डबा पोचवला. त्याचे तास तीन दिवसांत बसतील असे वेळापत्रक आम्ही विभागात मांडून घेतले, त्यामुळे रस्ता थोडा कमी झाला. थकलेल्या मानधनासाठी त्याच्यासारख्या इतरांना जमवून अर्ज केले गेले. त्यातले काही आले, काही यायचे आहे. त्या जमवाजमवीत त्याला एक गोष्ट कळली, ती म्हणजे असे कितीतरी जण आहेत. सात हजारांचा तो आकडा त्याला तेव्हा प्रथम समजला, असे तो म्हणतो. वर्गातली त्याची वाक्ये आता पूर्ण होतात.

एलीयाच्या कथेतील एक तपशील बहुधा नजरेआड होतो. होरेबवर त्याला तीन अभिषेक करायला सांगितले होते: हजाएलचा, येहूचा आणि अलीशाचा. पुढचे अध्याय वाचले तर दिसते की, या तिघांपैकी त्याने स्वतः गाठले ते फक्त अलीशाला. हजाएलला त्याचे राजेपण अलीशाने सांगितले आणि येहूचा अभिषेक अलीशाने पाठवलेल्या एका तरुण संदेष्ट्याने केला. तीनपैकी एकच काम हातून झाले. म्हणून ग्रंथात कोठेही एलीयाला जाब विचारलेला नाही. आपल्याकडे टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, आणि ज्या लक्ष्मीबाईंना औपचारिक शिक्षण जवळपास नव्हतेच, त्यांनी ते पुरे केले. नोकरीच्या आणि मनाच्या ओझ्याखाली ज्यांना आपले सारे अर्धवट राहिले असे वाटते, त्यांनी आज तीनपैकी एकच काम करावे. आणि तेही झाले नाही तर भाकर खाऊन झोपावे. उरलेल्या दोन कामांसाठी वाटेवर कोणी ना कोणी निघालेले असते.